दोन सूत वाढीव

उद्यमनगरच्या कारखान्यांत लोक सयाजीच्या मापाची शपथ घेत नसत, एवढंच काय ते बाकी होतं. फाउंड्रीत नवा माणूस कामाला लागला की फोरमन त्याला आधी पॅटर्न शॉपच्या दारात उभा करायचा आणि आत लाकूड तासत बसलेल्या सयाजीकडे बोट दाखवून सांगायचा, की या माणसाचं माप तीस वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. सयाजी मान वर करायचा नाही. पण कान तिकडेच लावलेले असायचे, आणि त्या दिवशी घरी जाताना सायकल जरा ताठ चालायची.

कामही तसं नाजूकच. जी वस्तू लोखंडात ओतायची ती आधी लाकडात हुबेहूब घडवायची, वाळूत दाबून तिचा ठसा घ्यायचा आणि त्या ठशात वितळलेलं लोखंड ओतायचं. लाकडाची वस्तू, म्हणजे पॅटर्न, केसभर चुकला तर त्याच्यामागे शंभर नग भंगारात जातात. म्हणून सयाजी तीनदा मापायचा आणि एकदा कापायचा. हळूहळू ही खोड घरातही शिरली. समोरच्या खोलीतली बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर त्याने पाणसळ लावून टांगली होती. खिळा ठोकायचा तर भिंतीवर आधी पेन्सिलीने रेघ पडायची. त्याची बायको शालूबाई म्हणायची, की हा माणूस घास घेण्याआधी तोंडाचंही माप घेईल एक दिवस.

त्यांचं घर उचगावाच्या अंगाला असलेल्या एका वाडीत. १९९७ साली तिथल्या ग्रामपंचायतीत बायकांसाठी राखीव जागा आली आणि शालूबाई निवडून आली. शिक्षण सातवीपर्यंत, पण बाई बोलायला खणखणीत. गल्लीत भांडण झालं की दोन्ही बाजूंनी तिलाच बोलावणं यायचं. सगळ्यांना वाटलं, आता पंचायतीत आवाज घुमणार.

घुमला, पण एकदाच. पहिल्याच ग्रामसभेत गावचे एक जुने पुढारी वारल्याचा दुखवट्याचा ठराव होता. ग्रामसेवकाने शालूबाईला आधीच कानात सांगून ठेवलं, की ठराव मांडून झाला की उठायचं आणि म्हणायचं, माझं अनुमोदन आहे. शालूबाईने शब्द मनात घोकला. पाळी आल्यावर उठली, पदर सावरला आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "या ठरावाला माझं अभिनंदन हाय."

सभा आधी गप्प झाली आणि मग जी हसायला लागली ती थांबेना. वारलेल्या पुढाऱ्याचा थोरला मुलगा काळी फीत लावून बसला होता, तोही हसला. दुसऱ्या दिवसापासून शालूबाईचं नाव पडलं अभिनंदनबाई. दळण घेऊन गिरणीत गेली तरी कुणीतरी अभिनंदन करायचं.

तेही तिने पचवलं असतं. पण त्या दिवशी ती रडवेली होऊन घरी आली, तेव्हा सयाजीने सायकलची चेन साफ करता करता एवढंच म्हटलं, की बोलायच्या आधी माणसानं माप घ्यावं. त्याच्या दृष्टीने ते कामाचं बोलणं होतं. त्यानंतर शालूबाई दर महिन्याच्या बैठकीला जायची, सही करायची, चहा प्यायची आणि परत यायची. गल्लीत तोंड पहिल्यासारखंच चालायचं, पण पंचायतीच्या खोलीत तिच्या तोंडून पुढची दोन वर्षं शब्द निघाला नाही. बैठकीच्या दिवशी घरात भाकरी थापल्याचा आवाजसुद्धा कमी यायचा. सयाजीला ते जाणवायचं आणि वाईटही वाटायचं. यात आपलाही हात आहे, हे मात्र त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

आणि मग १९९९ च्या जानेवारीत पत्र आलं. जिल्ह्यातल्या निवडक महिला सदस्यांना दहा दिवसांच्या अभ्यास दौऱ्यावर केरळला नेणार होते. खाली सूचना होत्या. पती किंवा नातेवाईक सोबत आणू नयेत. आपलं सामान आपणच उचलावं. आणि शेवटच्या दिवशी प्रत्येकीने सभेपुढे पाच मिनिटं आपला अनुभव सांगावा.

शालूबाईने पत्र वाचलं आणि डाळीच्या डब्याखाली सारलं. जाणार नाही म्हणाली. सयाजीने कारण विचारलं, तर म्हणाली धड बॅग नाही आणि उसनी मी नेणार नाही. त्यालाही इतिहास होता. मागे दोघं दीक्षाभूमीला गेले होते, तेव्हा बाजारातून आणलेली बॅग नागपूर स्टेशनात उसवली होती. लुगडी, भाकरीचं गठुडं, चटणीचा डबा, सगळं फलाटावर. डब्याचं झाकण उडालं, आणि परतीच्या वाटेवर सयाजी वर्धा येईपर्यंत शिंकत होता.

आता कुठल्याही नवऱ्याला कळलं असतं, की अडचण बॅगेची नाही, त्या पाच मिनिटांची आहे. सयाजीला लाकडातलं सगळं कळायचं. त्याने बॅग हा शब्द ऐकला आणि पत्रा कुठे मिळेल याचा विचार करायला लागला. विकतच्या प्लास्टिकच्या सुटकेसा आपटल्या की फुटतात, कापडी बॅगा उंदीर खातात. आपण पत्र्याची पेटी करू, नातवंडांपर्यंत टिकेल, असं त्याने जाहीर केलं. त्याच्या मनात आणखीही एक होतं. आपल्याला काही केरळला कुणी नेत नाही, पण आपल्या हातची पेटी तरी जाईल.

शालूबाईने हिशेब केला. आठ दिवस हातात, आणि हा गडी खिळा ठोकायला एक दुपार घेतो. ती बिनधास्त म्हणाली, "पुढच्या ऐतवारच्या आत पेटी झाली, तर मी जातो. न्हाई झाली, तर पुन्यांदा विषय काढायचा न्हाय."

सयाजीने मान हलवली. बोली ठरली.

पहिली पेटी बुधवारी तयार झाली. लोखंडी जाड पत्रा, आतून अँगलची चौकट, कोपऱ्यांवर दुहेरी पट्ट्या आणि बोटाबोटाच्या अंतरावर रिबिटा. सयाजी स्वतः तिच्यावर उभा राहिला. मग शेजारच्या अंबूबाईंना उभं केलं, आणि अंबूबाई म्हणजे काही हलकं प्रकरण नव्हतं. पेटी हूं की चूं करेना. सयाजीने अभिमानाने ती शालूबाईपुढे ठेवली. तिने कडी धरली, दात आवळले, पेटी वीतभर वर आली आणि धप्पदिशी खाली बसली. फाउंड्रीच्या काट्यावर तिचं रिकामीचंच वजन एकोणीस किलो भरलं होतं, हे सयाजीने सांगितलं नव्हतं. दौरा केरळचा आहे की तालमीचा, असं शालूबाईने विचारलं आणि त्या पेटीत जोंधळे भरून ठेवले.

ती मनातून सुटल्यासारखी झाली होती. सयाजी मात्र इरेला पेटला. गुरुवारी तो शिवाजी पेठेत धैर्यशीलकडे गेला. धैर्यशील त्याचा जुना दोस्त, बसच्या बॉड्या बांधणारा. त्याच्याकडे अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असायचा, हलका आणि गंज न धरणारा. पण त्या आठवड्यात पेठेतल्या दोन संघांची फुटबॉलची मॅच होती, त्यामुळे आधी तासभर गोल का हुकला ते ऐकून घ्यावं लागलं. मग धैर्यशीलने एका बसच्या अंगाचे उरलेले दोन तुकडे काढून दिले. एकात पेटी होईल, एकात झाकण. नवा माल मंगळवारशिवाय यायचा नव्हता, तेव्हा जपून काप, असं तो म्हणाला. हे सयाजीला सांगावं म्हणजे अपमानच होता. तो पत्रे सायकलला बांधून निघाला.

त्याच दिवशी त्याने अंगणात, घरच्या साध्या पट्टीने मापून, पेटी कापली. लांबी सव्वीस इंच, रुंदी अठरा, खोली आठ. लाकडी हातोडीने कडा दुमडल्या, कोपरे एकमेकांवर घेऊन रिबिटा मारल्या. वजन चार किलोच्या आतच राहिलं. झाकण डब्याच्या टोपणासारखं वरून सरकन बसणार होतं आणि चारी बाजूंना बसच्या डिकीला असतात तशा कड्या. झाकणाचा पत्रा मात्र तो शुक्रवारी फाउंड्रीत घेऊन गेला, कारण तिथली कात्री चांगली होती. जेवणाच्या सुट्टीत त्याने पत्रा बाकड्यावर पसरला आणि न बघता पट्टीला हात घातला.

इथेच घात झाला. लोखंड तापलेलं ओततात आणि ते निवताना आकसतं. फुटामागे साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. वस्तू लहान होऊ नये म्हणून पॅटर्न मुळातच तेवढा मोठा करावा लागतो, आणि दर वेळी बेरीज करायला नको म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीच वाढीव असते. दिसायला चारचौघींसारखी, पण तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा सूतभर मोठा. सयाजीचा हात तीस वर्षं त्याच पट्टीवर पडत होता. त्या दिवशीही पडला. त्याने रीतीप्रमाणे तीनदा मापलं, तिन्ही वेळा सारखंच आलं, आणि कापलं.

शनिवारी दुपारी झाकणाच्या कडा दुमडून, कोपऱ्यांत रिबिटा मारून त्याने ते पेटीवर ठेवलं. ते बसलं नाही, नुसतं पडलं. हलवलं की खडखड वाजायला लागलं. सयाजीला आधी वाटलं पेटीच लहान झाली. ती मापली, ती बरोबर होती. मग झाकण मापलं. लांबीला दोन सूत जास्त, रुंदीला दीड. कारण शोधायची गरजच नव्हती. पत्रा काही वितळून निवणार नव्हता, आणि आपण त्याला आकसायची सूट देऊन बसलो.

सयाजी धुणं धुवायच्या दगडावर बसला. दुमडलेले कोपरे उलगडावे तर पत्रा तडकणार. नवा पत्रा मंगळवारी. गाडी उद्या. फोरमन नव्या माणसांना आता काय सांगेल, हा विचार आला आणि त्याला अंगणात कुणी बघत नसतानाही लाज वाटली. त्याने पेटीवर पोतं टाकलं, आत जाऊन शालूबाईला सांगितलं, की पेटी काही झाली नाही, तू जाऊ नको.

शालूबाईला हेच हवं होतं. पण पंचवीस वर्षांच्या संसारात तिने या माणसाचं असं तोंड कधी बघितलं नव्हतं. ती उठली, अंगणात गेली आणि पोतं बाजूला केलं.

"झालीया की," ती म्हणाली.

"झाकण मोठं झालंय."

"ते कशानं?"

सयाजीने दुसरीकडे बघत सांगितलं, की पट्टी चुकली. कुणाची पट्टी, तिने विचारलं. माझी, तो म्हणाला. शालूबाईने त्याला समोर यायला लावलं.

"म्हंजे तुमचं माप चुकलं?"

"व्हय. माझं माप चुकलं."

शालूबाई आधी तोंडाला पदर लावून हसली, मग पदर सुटला आणि ती भुईवरच बसली. डोळ्यांतनं पाणी यायला लागलं, अंबूबाई भिंतीवरून डोकावून गेल्या, तरी हिचं हसणं थांबेना. सयाजीला पहिल्यांदा राग आला. मग ध्यानात आलं, की ही दोन वर्षांत अशी हसली नव्हती, आणि तो तसाच उभा राहून ऐकत राहिला. अब्रू गेली होती, पण ते हसणं ऐकून बरं वाटत होतं.

हसून दमल्यावर शालूबाईने झाकण उचललं, फिरवून बघितलं. "लोणच्याच्या बरणीचं झाकण ढिलं असलं, तर आमी बरणी फेकून देतो व्हय? तोंडाला फडकं बांधतो." तिने दोरीवरचं फडकं ओढलं, घडी घालून पेटीच्या काठावर टाकलं आणि वरून झाकण दाबलं. ते बसलं.

सयाजी बघत राहिला. फडकं सरकेल, तो म्हणाला, पण त्याचा हात तोवर सायकलच्या जुन्या ट्यूबकडे गेला होता. ट्यूब उभी चिरून त्याने पट्ट्या काढल्या, शालूबाईने पंक्चरचं सोल्युशन लावलं, आणि पेटीच्या काठाबाहेरून दोन पदरी, जिथे जास्त ढिलं तिथे तीन पदरी रबर चिकटलं. दिवेलागणीला झाकण बसवलं तेव्हा आतली हवा फुस्स करून बाहेर पडली. वरून तांब्याभर पाणी ओतलं, आत एक थेंब नाही. कड्या लावल्या. शालूबाईने पेटी एका हाताने उचलली आणि अंगणात एक चक्कर मारून आली.

मग तिने पेटी खाली ठेवली आणि तिच्याकडे बघत तिथेच थांबली. आपल्याच हाताने आपली वाट मोकळी करून बसलो, हे तिला तेव्हा कळलं. सयाजीला वाटलं, आता काहीतरी नवीन कारण निघणार. पण बोली म्हणजे बोली. थोड्या वेळाने ती लुगड्यांच्या घड्या घालायला बसली. सयाजी तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाला, की हे दोन सुताचं तेवढं कुणाला सांगू नको. शालूबाईने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

रविवारी स्टेशनात नुसती झुंबड. नवरेलोक बायकांचं सामान डब्यात भरत होते आणि दौऱ्यावर नेणाऱ्या अधिकारी बाई त्यांना खाली उतरवत होत्या. सयाजीने सवयीने पेटीला हात घातला. शालूबाई म्हणाली हात लावू नका, पत्रात लिहिलंय. तिने पेटी उचलली, पायरी चढली आणि आत नेऊन वरच्या फळीवर ठेवली. सयाजीला आपल्या मोकळ्या हातांचं काय करावं सुचेना, म्हणून त्याने ते खिशात घातले. मिरजेला गाडी बदलायची आहे, एवढंच तो चारदा सांगत राहिला.

दहा दिवस त्याने पिठलं खाल्लं. मधे एकदा वाण्याच्या दुकानात फोन आला. समुद्र बघितला, भाजीत खोबरेल घालतात, पेटीवर एका वेळी दोघी बसतात, एवढं सांगून तीन मिनिटं संपली. भाषणाचं तिने काढलं नाही आणि त्याने विचारलं नाही, कारण त्याला भीती वाटत होती. पुन्हा कुणी हसलं तर ही बाई आयुष्यभर बोलायची नाही, हे त्याला आता पुरतं कळलं होतं. हसणाऱ्यांपेक्षा आपण काय बोललो होतो, तेही त्या रिकाम्या घरात त्याला आठवायला लागलं होतं. दौऱ्याच्या शेवटच्या दिवशी त्याने फाउंड्रीत एकही लाकूड कापलं नाही. दिवसभर नुसता पटाशीला धार लावत बसला.

गाडी आली त्या दिवशी तो तासभर आधीच फलाटावर होता. डब्यातून पहिल्यांदा एक धिप्पाड बाई उतरली. दौऱ्यातल्याच, राधानगरीकडच्या झुंबरबाई. त्यांनी सयाजीला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "दोन सुताचं पावणं ते तुमीच व्हय?"

मागून उतरणाऱ्या बायका सयाजीकडे बघून अंगठा आणि तर्जनी जवळ आणून एवढं-एवढं दाखवत होत्या आणि हसत होत्या. त्याचे कान तापले. केरळपर्यंत बोभाटा झाला होता तर.

शालूबाई अजून आत सामान घेत होती, तोवर झुंबरबाईंनीच सांगून टाकलं. मोठा हॉल होता, दोनशे माणूस, साहेबलोक पुढे. मराठीचं तिकडच्या भाषेत करून सांगायला एक मुलगी. शालूबाईची पाळी आली, ती उठली आणि उभीच राहिली. शब्द फुटेना. सगळ्यांना वाटलं, आता बसते. मग तिने दोन्ही हात टेबलावर टेकले आणि बोलली. काय बोलली ते झुंबरबाईंना तोंडपाठ झालं होतं.

"माझा नवरा फाउंड्रीत पॅटर्न करतोय. तीस वरसं त्याचं माप चुकलं न्हवतं. परवा चुकलं, दोन सुतानं. म्हणून त्याला कुणी म्हनलं न्हाय की सयाजी, आता घरात बस. झाकणाला रबर लावलं, झाकण बसलं. माझा पंचायतीत एक शब्द चुकला, तर दोन वरसं मी तोंड उघडलं न्हाय. आमी बाया या कामात नव्या हाय. आमचं चुकणार. आमालाबी दोन सूत द्या की."

भाषांतर करणारी मुलगी सूत या शब्दाला अडली. तिने खुणेने विचारलं, सूत म्हणजे किती. शालूबाईने बोटांत अंतर धरून दाखवलं. मुलीने ते सभेला दाखवलं, आणि हॉलमधल्या बायकांनी, मग साहेबांनीसुद्धा, हात वर करून तेवढंच अंतर दाखवलं आणि टाळ्या पडल्या. झुंबरबाईंनी हे सांगताना स्वतःही हात वर केला होता आणि त्यांचे डोळे ओले झाले होते.

तेवढ्यात शालूबाई पेटी घेऊन उतरली. चेहरा उन्हाने रापलेला आणि पहिल्यासारखा भांडायला तयार. पेटीला एका कोपऱ्यात पोचा आला होता, बाकी ठणठणीत. बायकांचे निरोप घेऊन दोघं बाहेर निघाले.

"कुणाला सांगू नको म्हनलंतं मी," सयाजी म्हणाला.

"व्हय, म्हनलासा की," शालूबाई म्हणाली आणि चालत राहिली.

रिक्षा स्टँडजवळ सयाजी थांबला. उद्यमनगरात उद्या सगळ्यांना कळणार, याचं त्याला आता काही वाटत नव्हतं. दुसरंच काही बोलायचं राहिलं होतं आणि ते बोलल्याशिवाय पाऊल उचलेना.

"त्या ग्रामसभेच्या दिवशी मी तुला जे बोललो," तो म्हणाला, "ते माझं चुकलं."

शालूबाईने पेटी खाली ठेवली. त्याच्याकडे बघितलं, पदराने एकदा नाक पुसलं.

"ते काय दोन सुतानं न्हवतं चुकलं," ती म्हणाली. "चांगलं फूटभर चुकलंतं."

आणि पेटीची मूठ त्याच्या हातात देऊन ती रिक्षावाल्याशी भाडं ठरवायला पुढे गेली.